ठाणे-नवी मुंबईच्या नळाला आरओ हवा का? घरगुती वॉटर प्युरिफायरचा परखड हिशेब

मॉलमधल्या स्टॉलवर किंवा सोसायटीच्या गेटपाशी टेबल मांडून बसलेला विक्रेता एक प्रयोग हमखास करून दाखवतो. दोन ग्लास असतात. एकात तुमच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात आरओचं. दोन्हींत सळ्यांचं एक छोटं यंत्र बुडवून तो बटण दाबतो. मिनिटभरात नळाचं पाणी तपकिरी आणि गढूळ होतं, आरओचं मात्र जसंच्या तसं राहतं. बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो आणि चेकबुक बाहेर निघतं.

ती घाण पाण्यातली नसते. वीज वाहिली की लोखंडाची सळी झिजते आणि ते लोखंड पाण्यात उतरतं, रंग त्याचा असतो. पाण्यात क्षार असले तरच वीज वाहते. आरओने क्षार काढून टाकलेले असतात, म्हणून तिथे सळी झिजत नाही. त्याच आरओच्या ग्लासात चिमूटभर मीठ घालून प्रयोग पुन्हा करायला सांगा. तेही पाणी तपकिरी होईल. विक्रेता नको म्हणाला, तर तिथून खरेदी करू नका.

ठाणे-नवी मुंबईतल्या बहुतेक घरांना आरओची गरज नाही, यूव्ही (जंतू निकामी करणारा अतिनील प्रकाश) आणि यूएफ (पोकळ धाग्यांची बारीक गाळणी) असलेलं साधं मशीन पुरतं, हे या परीक्षणाचं मत आहे. अपवाद आहेत आणि ते महत्त्वाचे आहेत. पण आधी पाण्याकडे बघू, कारण मशीन कोणतं घ्यायचं ते पाणी ठरवतं.

नवी मुंबई महापालिकेकडे स्वतःचं मोरबे धरण आहे, खालापूर तालुक्यात. ते पाणी भोकरपाड्याच्या केंद्रात शुद्ध होऊन शहरात येतं. खारघर-उलव्याच्या बाजूला सिडकोचं हेटवणे धरणाचं पाणी आहे. ठाण्याला चार हातांनी पाणी मिळतं: पालिकेची स्वतःची भातसा नदीवरची योजना, स्टेम (शहाड-टेमघर) प्राधिकरण, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका. हे सगळं पावसाचं, काळ्या कातळाच्या डोंगरांवरून आलेलं पाणी. त्यात क्षार मुळातच कमी असतात. टीडीएस, म्हणजे एका लिटरमध्ये विरघळलेले एकूण क्षार, साधारण ५० ते १५० मिलिग्रॅम भरतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, याची स्वीकार्य मर्यादा ५०० आहे. आपलं पाणी तिच्या आसपासही जात नाही. राष्ट्रीय हरित लवादाने मे २०१९ मध्ये टीडीएस ५०० पेक्षा कमी असेल तिथे आरओवर बंदी घालणारी अधिसूचना काढण्याचे निर्देश पर्यावरण मंत्रालयाला दिले होते, त्यामागचं कारण हेच.

मात्र धरणाचं पाणी तुमच्या नळाला तसंच येतं असं नाही. घोडबंदर रोडच्या नव्या संकुलांत टँकर येतात. अनेक सोसायट्यांत बोअरवेल जमिनीखालच्या टाकीत सोडलेली असते. खाडीजवळची बोअर असेल तर पाणी मचूळ लागतं. म्हणून शेजारच्या इमारतीचा टीडीएस आपला धरू नका, त्यांच्याकडे टँकर येत नसेल आणि तुमच्याकडे येत असेल.

टीडीएस मीटर दोन-तीनशे रुपयांपासून मिळतो. नळ दोन मिनिटं वाहू द्या, ग्लास त्याच पाण्याने विसळा, मीटरचं टोक खुणेपर्यंत बुडवून हलकं हलवा आणि आकडा स्थिर झाला की लिहून ठेवा. एकदाच मोजून भागत नाही. पालिकेचं पाणी आलं त्या दिवशी, टँकर आला त्या दिवशी, एकदा मे महिन्यात आणि एकदा ऑगस्टमध्ये मोजा. चारही आकडे २०० च्या आत असतील तर आरओचा विषय संपला. मे महिन्यात ६०० ते ७०० येत असेल तर गोष्ट वेगळी. आणि मीटरला जंतू दिसत नाहीत, एवढं पक्कं लक्षात ठेवा. टीडीएस ६० असलेल्या पाण्यातही काविळीचे विषाणू असू शकतात.

आरओ: ताकदीचं मशीन, चुकीच्या घरात

आरओचं मेम्ब्रेन, म्हणजे आतला गाळणारा पडदा, इतकं बारीक असतं की विरघळलेले क्षारही अडवतं. बोअरच्या किंवा मचूळ पाण्यासाठी घरात दुसरा चांगला उपाय नाही, याबद्दल वाद नाही. पण आपल्या ८० टीडीएसच्या पाण्याचं ते काय करतं? त्याचं ८ किंवा १० करून देतं. ते पाणी तोंडात सपक लागतं, चहाची चव पडते. मग तक्रार गेली की मेकॅनिक येतो आणि मशीनमधला टीडीएस कंट्रोलर नावाचा छोटा स्क्रू फिरवतो. या स्क्रूने नेमकं काय होतं ते ग्राहकाला कोणी सांगत नाही. काही पाणी मेम्ब्रेनमधून न जाता बाजूच्या नळीने येऊन शुद्ध पाण्यात मिसळतं. म्हणजे दोन हजारांचं मेम्ब्रेन घ्यायचं, आणि अर्धं पाणी त्याला वळसा घालून प्यायचं. त्या अर्ध्या पाण्याला जंतूंपासून वाचवतो तो यूव्हीचा दिवा. तोच दिवा साध्या यूव्ही मशीनमध्येही असतो.

आता वाया जाणाऱ्या पाण्याचं. जुन्या मशीनमध्ये एक लिटर शुद्ध पाण्यामागे सुमारे तीन लिटर सिंकमध्ये जातं. चार माणसांच्या घरात पिण्याला आणि स्वयंपाकाला दिवसाला १५ लिटर धरा, ४५ लिटर वाया. शंभर फ्लॅटच्या सोसायटीत हे रोज ४,५०० लिटर होतात. ज्या सोसायटीत १०,००० लिटरचा टँकर पैसे मोजून मागवला जातो, तिथे दर दोन दिवसांनी जवळजवळ एक टँकर गटारात ओतला जातो. एप्रिल-मेमध्ये ही गोष्ट डोळ्यांसमोर होत असताना सहन होऊ नये.

तुमच्याकडे आरओ आधीच असेल तर बाहेर जाणारी नळी बादलीत सोडा. मूळ पाणी कमी क्षारांचं असेल तर ते पाणी भांडी विसळायला, लादी पुसायला, कुंड्यांनाही चालतं. मूळ पाणी बोअरचं असेल तर कुंड्यांना घालू नका, मातीत क्षार साठून तुळसही जळते. नवं मशीन घ्यायचंच असेल तर पाणी वाचवण्याचं प्रमाण किती टक्के ते विचारा. ६० टक्के किंवा अधिक पाणी पिण्यायोग्य देणारी मशीन आहेत, आरओच्या मानकाची, आयएस १६२४० ची, खूण बघून घ्या. आणि मेम्ब्रेन गेलं असं कोणी सांगितलं तर आपल्या मीटरने मशीनच्या आधीचा आणि नंतरचा टीडीएस त्याच्यासमोर मोजा. कंट्रोलर पूर्ण बंद करून ६०० चे ६० येत असतील तर मेम्ब्रेन ठणठणीत आहे. ६०० चे २०० येऊ लागले की बदला.

यूव्ही आणि यूएफ: इथल्या पाण्याला साजेसं

महापालिकेचं पाणी येणाऱ्या घरांसाठी हीच आमची पसंती. किंमत साधारण सात ते बारा हजार, वाया जाणारं पाणी नाही, क्षार जसेच्या तसे. आतला क्रम समजून घेतला तर फसवणूकही होत नाही आणि दुरुस्तीही कळते. पहिला पांढऱ्या दोऱ्यासारखा स्पन फिल्टर गाळ अडवतो. मग कार्बन, तो क्लोरीन आणि वास काढतो. नंतर यूव्हीचा दिवा जंतू आणि विषाणू निकामी करतो. यूएफच्या पोकळ धाग्यांच्या भिंतींतून अमीबा, जिआर्डिया आणि जिवाणू पलीकडे जात नाहीत. पावसाळ्यात आपल्याकडे गॅस्ट्रो, टायफॉइड आणि काविळीची भीती असते. त्यातल्या काविळीच्या विषाणूंसाठी भरवसा यूव्हीवर ठेवायचा, नुसत्या यूएफवर नाही.

या मशीनचे दोष स्पष्ट सांगायला हवेत. पहिला म्हणजे यूव्हीला गढूळ पाणी चालत नाही. मातीच्या कणाच्या सावलीत जंतू लपतो आणि प्रकाश त्याच्यापर्यंत पोचतच नाही. म्हणून स्पन फिल्टर हा दीडशे रुपयांचा तुकडा या मशीनमधला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. ठाण्यात जलवाहिनीच्या दुरुस्तीसाठी शटडाउन होतो, २४ तास पाणी बंद राहतं आणि नंतर कमी दाबाने लालसर पाणी येतं. नळी रिकामी असताना तिच्या फटींतून आजूबाजूचं घाण पाणी आत ओढलं गेलेलं असू शकतं. अशा दिवशी पहिलं पाणी मशीनला न लावता वाहून जाऊ द्या, आणि पुढचे दोन दिवस मशीनमधून आलेलं पाणीही उकळा. खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट पुरे. त्याच भांड्यात झाकून थंड करायचं, दुसऱ्या भांड्यात ओतायचं नाही.

दुसरा दोष दिव्याचा. वर्षभरानंतर, सुमारे ८,००० तासांनी, दिवा निळा दिसतो पण जंतू मारणारा प्रकाश पुरेसा देत नाही. तो प्रकाश २५४ नॅनोमीटरचा असतो आणि डोळ्यांना दिसतच नाही. त्यामुळे ‘चालू आहे ना, मग कशाला बदलायचा’ हे उत्तर चुकीचं आहे. दिव्याभोवतीच्या काचेच्या नळीवर पांढरा थर बसतो, तोही प्रकाश अडवतो. मेकॅनिकने ती नळी काढून लिंबूसत्वाच्या पाण्यात भिजवलेल्या मऊ कपड्याने पुसायला हवी. मशीन घेताना विचारा की दिवा बंद पडला तर पाणी आपोआप थांबतं का. नसेल थांबत तर ते मशीन घेऊ नका. यूव्ही मशीनसाठी आयएस १४७२४ हे मानक आहे.

तिसरा दोष फारसा कोणी बोलत नाही. कार्बनने क्लोरीन काढून टाकल्यावर मशीनच्या टाकीतलं पाणी निराधार असतं. नंतर त्यात एखादा जंतू शिरला, तोटीला हात लागून म्हणा, तर त्याला मारणारं काही उरलेलं नसतं. टाकीच्या आतल्या भिंतीवर बोटाला बुळबुळीत लागतं, ती जंतूंची साय. म्हणून स्टीलची टाकी असलेलं मशीन घ्या आणि महिन्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून धुवा. तोटी बाहेरून रोज भांडी घासताना पुसली की झालं. मशीन खिडकीच्या उन्हात लावू नका, पारदर्शक टाकीत शेवाळ धरतं. गॅसच्या अगदी शेजारीही नको.

भाड्याच्या घरात, जिथे भिंतीला भोकं पाडता येत नाहीत, तिथे वीज न लागणारा यूएफचा ग्रॅव्हिटी फिल्टर बरा. दोन-चार हजारांत येतो, हळू गाळतो, कार्ट्रिज ठरावीक लिटरनंतर बदलावंच लागतं. आजीच्या काळचा स्टीलचा कॅन्डल फिल्टरही अजून वाईट नाही, पण तो विषाणू अडवत नाही. त्यामुळे आधी गाळा, मग उकळा. उलट क्रमाने केलं तर उकळलेलं पाणी न उकळलेल्या कॅन्डलमधून परत जातं. कॅन्डलला साबण लावू नका, वाहत्या पाण्याखाली मऊ ब्रशने घासा. तांब्याचा हंडा शोभतो, पण तो शुद्ध केलेलं पाणी साठवण्यासाठी, शुद्ध करण्यासाठी नाही. त्यात सरबत किंवा ताक कधीच ठेवू नका. अल्कलाइन मशीनवर पैसे घालवू नका. नळाच्या पाण्याचा पीएच मानकाप्रमाणे ६.५ ते ८.५ च्या दरम्यान असला की पुरे. दुकानात आणि कार्यालयांत येणारे सील नसलेले गार जार म्हणजे फक्त गार पाणी. ते शुद्ध आहे याची कोणतीही हमी नसते.

मशीनच्या आधी येणाऱ्या टाक्या

सगळ्या जाहिराती स्वयंपाकघरातल्या डब्याबद्दल असतात. पाणी बिघडतं ते मात्र बहुधा त्याच्या आधी, इमारतीच्या टाक्यांत.

हे घरच्या घरी शोधून काढता येतं. एचटूएस चाचणीच्या छोट्या बाटल्या मिळतात, आत औषध लावलेली कागदी पट्टी असते. खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावायचं, २४ ते ४८ तास उबदार जागी ठेवायची. काळी पडली तर पाण्यात मैल्याचे जंतू असल्याचा संशय. बाटली आधी विसळू नका, आत बोट घालू नका. खरी उपयोगाची गोष्ट म्हणजे एकाच दिवशी तीन बाटल्या भरणं: एक पालिकेच्या मीटरजवळच्या नळाची, एक गच्चीवरच्या टाकीतून आलेल्या पाण्याची आणि एक आपल्या मशीनच्या तोटीची. पहिली काळी झाली तर पालिकेच्या पाणीपुरवठा विभागात तक्रार करा. पहिली स्वच्छ आणि दुसरी काळी, तर दोष सोसायटीच्या टाकीचा. दुसरी स्वच्छ आणि तिसरी काळी झाली, तर तुमच्या मशीनची टाकीच घाण आहे. अशा घरात नवं मशीन घेऊन काही होत नाही, आहे ते धुवायला हवं.

क्लोरीन बघायची ओटी चाचणी त्याहून सोपी. पाण्यात थेंब टाकले की क्लोरीन असेल तर पिवळा रंग येतो. मानकाप्रमाणे नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं असावं. मीटरजवळ पिवळं आणि चौदाव्या मजल्यावर रंगच नाही, याचा अर्थ पाणी टाकीत फार वेळ पडून राहतं किंवा टाकीतला गाळ क्लोरीन खाऊन टाकतो. चाचणी केलेलं पाणी पिऊ नका, ओतून द्या.

टाक्या वर्षातून दोनदा धुवायच्या, एकदा मेअखेर, पावसाच्या आधी, आणि एकदा पाऊस संपल्यावर, दसऱ्याच्या सुमाराला. कंत्राटदार टाकी धुतो म्हणजे काय करतो ते उभं राहून बघा. पाणी काढणं, तळाचा गाळ पंपाने ओढणं, भिंती घासणं, दाबाच्या पाण्याने धुणं, क्लोरीनचं द्रावण लावून अर्धा तास ठेवणं आणि ते धुवून काढणं, हा पूर्ण क्रम आहे. बहुतेक ठिकाणी गाळ ओढला की काम संपलं असं समजतात, आणि क्लोरीनचा टप्पा गळतो. जमिनीखालच्या टाकीत माणूस एकटा उतरवू नका. झाकण आधी बराच वेळ उघडं ठेवा, वर दुसरा माणूस आणि दोर असलाच पाहिजे. गच्चीवर गेलात तर झाकण नीट बसतं का आणि ओव्हरफ्लोच्या पाइपला जाळी आहे का ते बघा. जाळी नसेल तर तिथून डेंग्यूचे डास आत जातात.

जुन्या इमारतींत आणि सिडकोच्या घरांत आणखी एक टाकी असते, तिची आठवण कोणालाच नसते. बाथरूमच्या माळ्यावरची. पाणी ठरावीक वेळी येतं म्हणून दोन-तीनशे लिटरची टाकी वर ठेवलेली असते, पुढे सामान रचलेलं असतं, आणि वर्षानुवर्षं तिच्यात कोणी डोकावत नाही. स्वयंपाकघराचा नळ तिच्यावर असेल तर बाकी सगळी काळजी फुकट. शक्य असेल तर प्युरिफायरची जोडणी थेट येणाऱ्या नळावर करून घ्या. नसेल तर सामान हलवून टाकी दर तीन महिन्यांनी धुवा.

देखभालीच्या करारातलं बारीक

वार्षिक करार सरसकट वाईट नाही. पण ‘सगळं धरून’ म्हणताना मेम्ब्रेन आणि दिवा त्यात आहे का, ते लिहून घ्या. स्पन फिल्टर पावसाळ्यात महिन्याला तपकिरी होतो, एरवी तीन-चार महिने टिकतो. तो पारदर्शक भांड्यात बाहेर लावलेला असला तर रंग रोज दिसतो, म्हणून तसाच लावून घ्या. तो बदलायला मेकॅनिक लागत नाही: पाण्याचा कॉक बंद, मशीन बंद, पान्याने भांडं सोडवा, रबरी रिंग जागेवर आहे ना ते बघा, नवा फिल्टर सरळ बसवा, हाताने आवळा. गळती लागली तर दहापैकी नऊ वेळा रिंग वाकडी बसलेली असते. कार्बन साधारण सहा महिने ते वर्ष. नवा कार्बन बसवल्यावर पहिलं काळपट पाणी फेकून द्यायचं.

बदललेला प्रत्येक जुना भाग ताब्यात मागा, आणि नव्यावर मार्करने तारीख लिहायला लावा. वरच्या मजल्यावर दाब कमी असेल तर पंप असलेलं मशीन लागतं, नाही तर टाकी भरायला दिवस जातो आणि लोक मशीनला दोष देतात.

गणपतीत आठ-दहा दिवस कोकणात जायचं असेल तर निघताना मशीनचा कॉक आणि वीज दोन्ही बंद करा, टाकी रिकामी करून झाकण कोरडं ठेवा. परत आल्यावर टाकी दोनदा भरून रिकामी करा, ते पाणी लादी पुसायला वापरा आणि तिसऱ्यांदा भरलेलं प्या.